मर्तिकाची घंटा

तो माणूस पुतळ्यांकडे बघतच नव्हता. विल्मा टॉखरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

इन्व्हरलेथनच्या कॅथेड्रलमध्ये शिरलेला पाहुणा काय काय करतो, हे विल्माला तोंडपाठ होतं. आधी मान वर करून छताकडे बघतो आणि तोंड मिटायला विसरतो. मग रंगीत काचा. मग सर गिल्बर्ट आणि त्याची बायको यांच्या थडग्यावर आडव्या पडलेल्या दगडी मूर्ती. तिथं फोटो काढतो आणि बाईसाहेबांच्या पायाशी झोपलेल्या दगडी कुत्र्याला थोपटतो. पिढ्यान्‌पिढ्यांनी थोपटून थोपटून त्या कुत्र्याचे कान केव्हाच झिजून गेलेत. शेवटी टॉयलेट कुठं आहे ते विचारतो आणि जातो. हा मात्र आत आला, छत्री झटकली आणि मोठ्या दाराच्या कुलपापाशी वाकून उभा राहिला. मग उत्तरेच्या लहान दाराच्या कुलपापाशी. अंगात भारी कोट, पायांत शहरी बूट, आणि नजर सगळी कड्याकोयंड्यांवर.

दाराशी पोस्टकार्डं आणि बिस्किटांचे डबे विकायला बसणाऱ्या जेसी-ॲन मॅरकडे विल्मा सरकली.

"तो कोटवाला बघितलास?"

"मघापासून तेच करतेय. साधं एक पोस्टकार्ड उचलून बघितलं नाही मेल्यानं."

"कुलपं बघतोय."

"उरलंसुरलं न्यायला आलाय, शंका आहे," जेसी-ॲन म्हणाली आणि पैशांचा डबा उचलून मांडीवर घेतला.

इन्व्हरलेथनमध्ये 'शंका आहे' म्हटलं, की गोष्ट जवळजवळ ठरलेलीच असते. पाऊस येईल, शंका आहे, असं कुणी म्हणालं की बायका दोरीवरचे कपडे काढायला धावतात. म्हातारबुवा काही पुढचा उन्हाळा बघत नाहीत, शंका आहे, असं म्हटलं की घरचे काळा कोट धुलाईला टाकून येतात.

आणि उरलंसुरलं म्हणायलाही कारण होतं. दोन आठवड्यांपूर्वी मर्तिकाची घंटा गेली होती. पूर्वी गावात कुणी वारलं की कॅथेड्रलचा सेवक ही काशाची हातघंटा वाजवत प्रेतापुढे चालायचा. तो रिवाज कधीच बंद पडला. घंटा मात्र उत्तरेच्या भिंतीत, बिशपच्या थडग्यावरच्या कोनाड्यात, एका आकड्याला लटकत राहिली. तिला ना काच, ना कुलूप. मेलेल्यांची घंटा घरी नेऊन कोण टांगणार, असा सगळ्यांचा समज. विल्मा आयर्लंडहून आलेल्या एका जोडप्याला ती दाखवायला गेली, 'आणि ही आमची मर्तिकाची घंटा' म्हणत तिनं ऐटीत हात केला, तर कोनाड्यात नुसता आकडा. आयरिश बाई बिचारी सभ्य होती. 'फारच सुंदर,' म्हणाली.

घंटा कुणी नेली, याबद्दल विल्माच्या मनात काडीचा गोंधळ नव्हता. लाउरी लीस्कनं.

लाउरी हा कॅथेड्रलचा नवा सेवक. नवा म्हणजे, येऊन त्याला वर्ष होत आलं होतं, पण इन्व्हरलेथनमध्ये माणसाचं नवेपण इतक्या लवकर फिटत नाही. तो पार वर, शेटलंड बेटांवरचा. बॉयलर, दिवे, खुर्च्या, सगळ्या किल्ल्या त्याच्या ताब्यात. रविवारी मोठं बायबल दोन्ही हातांवर घेऊन तो पाद्रीबाईंच्या पुढे चालत येई, तेव्हा तोंडावर माशी बसली तरी हलणार नाही असा त्याचा चेहरा असे. एक वाक्य विचारावं तर अर्धं उत्तर देई. पबमध्ये जात नसे, फुटबॉलवर बोलत नसे. अशा माणसाच्या पोटात काय आहे ते कसं कळावं?

आणि फाटकाजवळचं सेवकाचं घर त्याला मिळालेलं. खरी मेख होती ती इथं. लाउरीच्या आधीचा सेवक म्हणजे सँडी, विल्माचा नवरा. तीसेक वर्षं ते घर तिचं होतं. तिथल्या न्हाणीघराचं दार कुठं अडतं, स्वयंपाकघरात वारा कुठल्या फटीतून येतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. सँडी गेला, आणि नोकरीबरोबर घरही गेलं. विल्मा बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिथं पडद्यांना, चादरींना, तिच्या केसांनासुद्धा पावाचा वास येई. लाउरीची नेमणूक मात्र वर्षाच्या बोलीवर होती. ईस्टरनंतर चर्चचा कारभार बघणारी वडीलमंडळी ठरवणार होती, ठेवायचा की घालवायचा. घालवला, आणि त्याच्या जागी स्वतःचं घर असलेला गावातलाच कुणी मिळाला, तर ते रिकामं घर भाड्यानं विल्माला द्यायला कुणाची ना नव्हती. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. स्वतःजवळही अर्धंच बोलली होती.

तर, तो कोटवाला. विल्मानं आपला मार्गदर्शकाचा निळा पट्टा नीट केला आणि चेहऱ्यावर साखर पेरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काही दाखवू का, साहेब? एकट्यानं फिरलं की निम्मं सुटतं."

"वा, दाखवा की," तो म्हणाला. बोलणं इंग्लंडकडचं, लोण्यासारखं. विल्माचा संशय आणखी एक पायरी वर चढला.

तिनं त्याला सर गिल्बर्टपाशी नेलं. पंथ बदलला आणि मूर्ती नकोशा झाल्या तेव्हा गावच्याच लोकांनी हातोडे घेऊन याचं नाक कसं फोडलं, बाईसाहेबांचं कसं वाचलं, हे ती नेहमीच्या चालीवर सांगू लागली. माणसानं ऐकून घेतलं आणि खाली वाकून विचारलं, "हे कुत्रं सुटं आहे का हो? जोर लावला तर निघेल?"

विल्मा त्याच्या आणि कुत्र्याच्या मधे जाऊन उभी राहिली. "सर गिल्बर्टच्या वेळेपासून तरी निघालेलं नाही."

पुढे पलटणीची निशाणं होती. कुठकुठल्या लढायांतून आलेली, आता जाळीला धरून राहिलेले नुसते धागे. इथं लोक गप्प होतात. याच्या तोंडून निघालं, "एवढ्या वर चढायला शिडी लागत असेल. कुठं असते ती?"

"सेवकाकडे."

"आणि त्या खोलीला कुलूप असतं?"

"कुत्राही असतो," विल्मानं ठोकून दिलं. दगडी कुत्रा सोडला तर कॅथेड्रलमध्ये कुत्रा नव्हता.

मग फरशीतली ती शिळा, कवटी आणि वाळूचं घड्याळ कोरलेली. तिथं त्यानं बुटाच्या टाचेनं फरशीवर टकटक केलं आणि खालून बाहेर निघायला वाट आहे का ते विचारलं. आता मात्र विल्माच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती पाहुण्यांना फिरवत होती, पण थडग्याखालून पळायची वाट विचारणारा हा पहिलाच. तिनं दाराकडे बघून मोठ्यानं खाकरलं. जेसी-ॲननं उलट खाकरून दाखवलं आणि डब्यावरचा हात आणखी घट्ट केला. तिच्या मदतीची मजल तेवढीच.

हा लाउरीचा साथीदार आहे का ते बघायला याला कोनाड्यापाशी न्यायचं आणि तोंड निरखायचं, असं विल्मानं ठरवलं. माणूस कितीही बेरकी असला तरी रिकामा आकडा बघून पापणी हलेलच. बिशपच्या थडग्यापाशी ती थांबली, वर हात केला आणि हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाली, "इथं आमची मर्तिकाची घंटा असायची. चोरीला गेली."

त्याची पापणी हलली नाही. त्यानं कोटाच्या खिशातून मापाची पट्टी काढली आणि कोनाडा मोजायला सुरुवात केली.

"अहो!"

"माफ करा," तो हसला. "मी ऑल्डरसन. विमा कंपनीकडून आलोय, घंटेच्या चौकशीला. तुम्हीच मिसेस टॉखर ना? पाद्रीबाईंनी सांगितलं होतं, तुम्ही सगळं दाखवाल म्हणून."

"मग आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?"

"सांगून आलं की लोक दाखवतात तेवढंच दिसतं, बाई."

विल्माच्या अंगाचा तिळपापड झाला, पण थोडाच वेळ. हा चोर नव्हता. म्हणजे चोर घरातलाच. आणि चोर पकडायला आलेला माणूस तिच्या समोर, कान देऊन उभा होता. नेमका त्याच वेळी लाउरी लीस्क खांद्यावर शिडी घेऊन पलीकडून चालला होता. त्यानं दोघांकडे एकदा बघितलं, विल्माकडे जरा जास्तच, आणि मागच्या खोलीकडे गेला.

"हेच का ते लीस्क?" ऑल्डरसननं आवाज खाली आणला. "किल्ल्या यांच्याकडेच असतात म्हणे. तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणानं सांगा."

विल्मा देवाच्या घरात खोटं बोलणारी बाई नव्हती. पण मनात आहे ते सांगणं खोटं कसं होईल? तिनं मागे वळून बघितलं, शिडी दाराआड गेली होती.

"लीस्कनं नेली असेल घंटा," ती म्हणाली, "शंका आहे मला."

"शंका आहे."

"मोठीच शंका आहे. अगदी पहिल्या दिवसापासून."

ऑल्डरसनचा चेहरा उजळला. त्यानं चक्क तिचा हात हातात घेतला. "बरं वाटलं ऐकून. इतकं ठामपणे कुणी बोलत नाही हो."

विल्माला ते जरा चमत्कारिक वाटलं. एखाद्याला चोर म्हटल्यावर बरं काय वाटायचं? पण इंग्लंडची माणसं, ती कशावर खूश होतील सांगता येत नाही. आपल्या अंगावरचं ओझं उतरलं, एवढं खरं.

मग ऑल्डरसन बाजूच्या सभागृहात चहा घेऊन बसला आणि एकेकाला बोलावू लागला. जेसी-ॲन गेली, वडीलमंडळींचा चिटणीस हेक्टर फर्कर गेला, ऑर्गन वाजवणारी बाई गेली. लाउरीला शेवटी बोलावणार होते, तोवर तो म्हणे बॉयलरपाशी होता. म्हणजे घराकडे कुणी नव्हतं. विल्मा सहज फिरायला निघाल्यासारखी निघाली आणि सहजच सेवकाच्या घराच्या बागेत शिरली.

घराला कुलूप होतं. पडदे तिचे नव्हते. खिडकीत एक काचेची बरणी होती, तीत शिंपले. तिनं शेडचं दार ढकललं. आत दोऱ्या, फावडी, सगळं इतकं नीटनेटकं की त्यावरूनही संशय यावा. ती बाहेर आली, आणि तिचं लक्ष बागेच्या कोपऱ्यात गेलं. भिंतीलगत सँडीची जुनी पत्र्याची बादली पालथी घातलेली होती, वर दगड ठेवलेला. घंटा मावेल एवढीच बादली. तिनं इकडेतिकडे बघितलं, दगड बाजूला केला आणि बादली उचलली.

खाली आंबट देठांच्या रुबार्बचे कोंब होते. तिनंच लावलेला रुबार्ब. मार्चमध्ये त्यावर बादली पालथी घातली की अंधारात देठ गुलाबी, कोवळे येतात, आणि त्यांचा मुरंबा तोंडात विरघळतो. सँडी दर वर्षी हेच करायचा, याच बादलीनं. लाउरीला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानंच केलं होतं. खाली घंटा सापडली असती तरी विल्माला इतका राग आला नसता. तिनं बादली होती तशी ठेवली, वर दगड ठेवला आणि हात झटकत तिथून निघाली. आजूबाजूला कुणी दिसलं नाही.

ऑल्डरसन सगळ्यांशी हात मिळवून त्याच संध्याकाळी परत गेला. नंतरचे दिवस वाईट गेले. लाउरी आत आला की बायका बोलायच्या थांबत. जेसी-ॲन डबा घेऊन टॉयलेटला जाई. हेक्टर फर्करनं चांदीची तबकं 'जरा पुसायला' म्हणून स्वतःच्या घरी नेली आणि परत आणलीच नाहीत. लाउरी आपला दिवे लावी, खुर्च्या मांडी, बायबल आणून ठेवी. विमा कंपनीनं त्याला पकडून कसं नेलं नाही, याचं प्रत्येकाला नवल वाटत होतं.

आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घंटा परत आली. बाजाराच्या पिशवीतून.

बेथिया लम्सडेन म्हणजे फुलं मांडणाऱ्या बायकांच्या मंडळाची म्हातारी प्रमुख. दर वर्षी ईस्टरआधी या बायका कॅथेड्रलमधली पितळी भांडी आपापल्या घरी घासायला नेतात; कुणी फुलदाण्या, कुणी मेणबत्त्यांचे दांडे. बेथियानं फुलदाण्यांबरोबर घंटाही पिशवीत टाकली. किती कळकट झाली आहे ही, असं तिच्या मनानं घेतलं. घासूनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं ती स्वयंपाकघरातल्या सिंकखाली ठेवली आणि त्याच संध्याकाळी ओल्या फरशीवर घसरून मांडीचं हाड मोडून घेतलं. ती इस्पितळात, घंटा सिंकखाली. आता तिची भाची घर आवरायला आली तेव्हा ती निघाली. चारशे वर्षांचा हिरवट काळा रंग पार निघून गेला होता आणि घंटा एखाद्या हॉटेलच्या टेबलावरची असावी तशी लखलखत होती. पाद्रीबाईंनी ती बघून डोक्याला हात लावला.

बेथियाला विचारावं, असं गावात एकाच्याही मनात आलं नव्हतं. आपल्या माणसांना काय विचारायचं?

विल्माला लाज वाटली. पण लाजेच्या आधी तिला वाईट वाटलं ते घर हातचं गेल्याचं, आणि मग त्या वाईट वाटण्याचीच लाज वाटली. लाउरी समोरून आला की ती मेणबत्त्या मोजायला लागे.

ईस्टरनंतरच्या रविवारी प्रार्थना संपली आणि सगळे नेहमीप्रमाणे सभागृहात चहाला जमले. मधल्या टेबलावर पाद्रीबाईंनी घंटा मुद्दाम मांडून ठेवली होती. लाउरी मोठी किटली घेऊन कप भरत फिरत होता. पाद्रीबाई कर्स्टी रॅटरे कॅनडाहून आलेल्या. वयानं तरुण, मनानं उघड्या, आणि कुणाचं काही चांगलं कळलं की पोटात ठेवता येत नाही अशा. त्यांनी चमच्यानं कप वाजवला.

"एक छान बातमी आहे! काल ऑल्डरसनसाहेबांचा फोन आला होता. ते काय म्हणाले, ऐका. म्हणाले, इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं गाव बघितलं नाही. एरवी कुठं काही हरवलं की सगळे बाहेरून आलेल्याकडे बोट दाखवतात. इथं मी ज्याला विचारलं, लीस्कनं घंटा नेली असेल का, तो प्रत्येक जण म्हणाला, शंका आहे! एकजात सगळे. आणि सर्वांत ठाम कोण? आमच्या मिसेस टॉखर. मोठीच शंका आहे, पहिल्या दिवसापासून, असं म्हणाल्या!"

हेक्टर फर्करच्या तोंडातलं बिस्किट मोडल्याचं सगळ्या सभागृहाला ऐकू आलं.

सीमेपलीकडे दक्षिणेला, इंग्लंडात, आणि कॅनडातही म्हणे, एखाद्या गोष्टीची शंका आहे म्हणजे ती तशी नसावी. इन्व्हरलेथनमध्ये शंका आहे म्हणजे ती तशीच असावी. शब्द तोच, तोंड फिरवलेलं. प्रत्येकानं त्या दिवशी ऑल्डरसनला आपल्या परीनं सांगितलं होतं की चोर लाउरीच. आणि तो भला माणूस प्रत्येकाचे आभार मानून, डोळ्यांत पाणी आणून घरी गेला होता.

"म्हणूनच," पाद्रीबाई फुलून आल्या होत्या, "आम्ही ठरवलंय की लाउरीला कायम करायचं. गावाचा एवढा विश्वास असल्यावर आणखी काय हवं? टाळ्या!"

टाळ्या पडल्या, पण हातमोजे घालून वाजवाव्यात तशा. विल्मानं लाउरीकडे बघितलं. तो किटली धरून उभा होता, टाळ्यांकडे बघत. आणि एकदम तिच्या लक्षात आलं. हा शेटलंडचा. इन्व्हरलेथनच्याही वरचा. तिथं शंका काही वेगळी नसणार.

"विल्मा, दोन शब्द बोला ना," पाद्रीबाई म्हणाल्या.

गप्प बसता आलं असतं. त्याला घर मिळालं होतं, तिला चांगुलपणा मिळाला होता, आणि खोलीतला प्रत्येक जण तिच्याइतकाच अडकलेला असल्यामुळे कुणी चकार शब्द काढला नसता. विल्मा उठली तेव्हा तिला खरोखर आभार मानून बसायचं होतं. पण लाउरी बघत होता.

"पाद्रीबाई, तुमच्याकडे काय म्हणतात मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे शंका आहे म्हणजे तसंच वाटतंय. मी त्या माणसाला सांगितलं की घंटा लाउरीनं नेली. त्याला ते उलटं कळलं. आणि मला तसं का वाटलं, तर लाउरी सँडीच्या खोलीत झोपतो म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मला ते घर हवं होतं."

पाद्रीबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"मीपण तेच सांगितलं," जेसी-ॲन कपात बघत म्हणाली.

"चिटणीस म्हणून मी जपून बोललो होतो," हेक्टर म्हणाला. "पण, म्हणजे, हो."

लाउरीनं किटली टेबलावर ठेवली. तो बोलायला लागला तेव्हा कित्येकांना त्याचा आवाज नवा वाटला.

"मला ठाऊक होतं. त्यानं मला त्याच दिवशी सांगितलं, जाता जाता. भाग्यवान आहात म्हणाला, सगळ्यांना शंका आहे."

"मग त्याला खरं का नाही सांगितलंस?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर मी रस्त्यावर आलो असतो. आणि मलाही विचारलं होतं त्यानं. तुमचा कुणावर संशय आहे का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, मिसेस टॉखरनी नेली असेल. शंका आहे."

विल्माला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"माझ्यावर?" ती म्हणाली. "माझ्यावर संशय? अरे, जन्म गेला माझा या दगडांची धूळ पुसण्यात! तू काल आलास आणि माझ्यावर? कशावरून रे?"

"तुमच्याकडे सँडीची उत्तरेच्या दाराची किल्ली अजून आहे," लाउरी शांतपणे म्हणाला. "घंटा नाही, हे पहिलं तुम्हालाच दिसलं. मी आल्यापासून तुम्ही माझ्यावर डोळा ठेवून आहात. आणि त्या दुपारी तुम्ही माझ्या बागेत बादली उचलून काहीतरी करत होतात, मी फाटकातून बघितलं. मला वाटलं, घंटा आणून ठेवताय. माझ्या माथी मारायला. तुम्ही गेल्यावर मी बादली उचलून बघितली."

"मी नुसती बघायला..." विल्मा म्हणाली.

त्यानं सांगितलेली एकेक गोष्ट खरी होती. किल्ली तिच्या पर्समध्ये होती, आत्तासुद्धा. रागानं तिचे कान तापले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणीतरी उठून म्हणेल, 'छे, आमची विल्मा असं कधी करायची नाही', म्हणून तिनं सभोवार बघितलं. कुणी उठलं नाही. जेसी-ॲन, जिच्याबरोबर ती शाळेत गेली, जिनं सँडीच्या मर्तिकाला तिचा हात धरला, ती जेसी-ॲन तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती. घंटा टेबलावर चमकत होती, ती कुणी नेली हे लहान मुलालाही ठाऊक झालं होतं, तरी जेसी-ॲन मनात काहीतरी जुळवत होती. किल्ली. बादली. हं.

हे बघणं विल्माला ओळखीचं होतं. ती स्वतः वर्षभर असंच बघत आली होती. फक्त समोरून ते कसं दिसतं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं, आणि तिला फार एकटं वाटलं.

ती खाली बसली. हळूहळू बाकीच्यांची कुजबुज सुरू झाली, पाद्रीबाई हेक्टरला काहीतरी विचारू लागल्या. लाउरी किटली घेऊन पुन्हा निघाला आणि तिच्यापाशी आला.

"वर्षभर तुला हे असं एकटं वाटत होतं?" विल्मानं वर न बघता विचारलं.

"रोज नाही," लाउरी म्हणाला. "रविवारी जास्त."

तिनं कप पुढे केला. त्यानं तो बशीसकट आपल्या हातात घेतला, चहा भरला आणि तिच्यासमोर ठेवला.